छताखालचा चौक

प्रस्तावना

बाजार म्हणजे केवळ खरेदी-विक्रीची जागा नव्हे. आठवडी बाजार असो वा शहरातील पेठ, तेथे माल मिळतो, तशी माणसेही भेटतात. विसाव्या शतकात अमेरिकेत बाजाराचे एक नवे रूप उदयास आले. ते म्हणजे मॉल. तेथील पहिल्या बंदिस्त मॉलची वाटचाल या पाठात आपण पाहणार आहोत. तो रचणाऱ्याला काय हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, याकडे लक्ष देऊन पाठ वाचा.

मूळ पाठ

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने उपनगरांत राहायला गेली. तेथे ऐसपैस घरे होती, दारात मोटार होती. परंतु पायी जाता येईल अशी पेठ मात्र नव्हती. मोठ्या खरेदीसाठी शहराच्या मध्यभागी जावे लागे आणि तेथे मोटार उभी करण्यास जागा मिळणे कठीण असे.

मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरात डेटन कुटुंबाचे प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअर १९०२ पासून होते. कपडे, भांडी, फर्निचर, खेळणी अशा वस्तू वेगवेगळ्या विभागांत, पण एकाच इमारतीत विकणारे दुकान म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर. गिऱ्हाईक उपनगरात गेले, तेव्हा दुकानानेही त्याच्यामागे जावे, असे डेटन मंडळींनी ठरवले. ईडायना या उपनगरात त्यांनी जमीन घेतली आणि आराखड्याचे काम व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाकडे सोपवले.

ग्रुएन यांचा जन्म १९०३ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रियाचा ताबा घेतल्यावर ज्यू असलेल्या ग्रुएन यांना मायभूमी सोडून अमेरिकेत यावे लागले. व्हिएन्नातील चौक, कॉफीगृहे आणि पायी फिरणारी माणसे त्यांच्या मनात घर करून होती. अमेरिकी उपनगरांतील लांबच लांब रस्ते आणि एकाकी घरे पाहून त्यांना वाटे की, येथे माणसांना एकत्र येण्यासाठी जागाच उरलेली नाही. बाजाराच्या निमित्ताने ती जागा निर्माण करावी, असा त्यांचा विचार होता.

मिनेसोटातील हिवाळा अतिशय कडक असतो आणि उन्हाळ्यातही उकाडा होतो. म्हणून ग्रुएन यांनी संपूर्ण बाजारावर छप्पर घातले. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘साउथडेल सेंटर’ सुरू झाले. त्यासाठी सुमारे २ कोटी डॉलर खर्च आला. दोन मजल्यांवर ७२ दुकाने होती आणि बाहेर सुमारे ५,२०० मोटारींसाठी वाहनतळ होता. आतील तापमान बाराही महिने सुमारे २४ अंश सेल्सिअस राखले जाई. मधोमध झाडे, शिल्पे, पक्ष्यांचा उंच पिंजरा आणि बसण्याची सोय असलेला प्रशस्त चौक होता.

या रचनेत व्यापाराचे एक सूत्रही होते. डेटन यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे डोनाल्डसन या दुसऱ्या डिपार्टमेंट स्टोअरला, त्याच इमारतीत जागा दिली. एका मोठ्या दुकानातून दुसऱ्याकडे जाताना गिऱ्हाईक मधल्या लहान दुकानांवरून जाई आणि त्यांचाही माल खपे. जहाजाला नांगर जसा धरून ठेवतो, तशी ही दोन दुकाने साऱ्या बाजाराला धरून होती.

परंतु ग्रुएन यांचा मूळ आराखडा याहून मोठा होता. मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाना, उद्यान आणि तळे असलेली एक संपूर्ण वस्ती त्यांनी कल्पिली होती. त्यांच्या कल्पनेप्रमाणे ती वस्ती उभी राहिली नाही. पुढे देशभर मॉल उभे राहिले, तेव्हा बांधकाम करणाऱ्यांनी त्यांच्या कल्पनेतील नफ्याचा भाग उचलला आणि माणसांचा भाग सोडून दिला. चौकाभोवती वस्तीऐवजी वाहनतळ पसरला. शहराच्या मध्यवर्ती पेठा ओस पडू लागल्या. व्यथित झालेले ग्रुएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतले. १९७८ मध्ये लंडन येथील भाषणात त्यांनी अशा मॉलचे पितृत्व नाकारले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

साउथडेलच्या वाट्यालाही चढ-उतार आले. १९७२ मध्ये जेसी पेनी हे तिसरे मोठे दुकान तेथे आले. १९८७ मध्ये डोनाल्डसन हे नाव इतिहासजमा झाले. १९९२ मध्ये जवळच ‘मॉल ऑफ अमेरिका’ हा प्रचंड मॉल उघडल्यावर स्पर्धा वाढली. २००१ मध्ये डेटन हे नावही पाटीवरून उतरले आणि २००६ मध्ये त्या जागी मेसीज हे नाव आले. डेटन यांचे शहरातील जुने दुकानही अखेर २०१७ मध्ये बंद झाले.

मात्र कथा येथे संपत नाही. २०१४ मध्ये साउथडेलच्या वाहनतळाच्या एका भागात निवासी इमारती उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये जेसी पेनीच्या जागी व्यायामकेंद्र सुरू झाले. दुकाने कमी होऊ लागली, तेव्हा मॉलला माणसांच्या वस्तीची आठवण झाली. जे ग्रुएन यांनी आरंभीच सांगितले होते, त्यातील थोडेसे सुमारे साठ वर्षांनी घडले. बाजार दुकानांनी भरतो. पण टिकतो तो माणसांच्या सहवासाने.

शब्दार्थ

वास्तुविशारद – इमारतींचे आराखडे तयार करणारा तज्ज्ञ
वाहनतळ – वाहने उभी करण्याची जागा
व्यथित – दुःखी
पितृत्व नाकारणे – (येथे अर्थ) जनक असल्याचे अमान्य करणे

स्वाध्याय

१. साउथडेलच्या बाजारावर छप्पर घालण्याचे कारण कोणते?
२. प्रतिस्पर्धी दुकानाला जागा देण्यामागील व्यापारी सूत्र स्पष्ट करा.
३. ग्रुएन यांनी मॉलचे पितृत्व का नाकारले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या बाजारात माणसे खरेदीखेरीज आणखी कशासाठी एकत्र येतात, याविषयी आठ ते दहा वाक्ये लिहा.