वाकले, पण मोडले नाही

घराचे चित्र काढायचे म्हटले की तुम्ही आधी पट्टी शोधता. पण इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील लिटल मोर्टन हॉलचे चित्र काढायचे असेल, तर पट्टी बाजूलाच ठेवा. खंदकाच्या पाण्याने वेढलेले, काळ्या लाकडांचे आणि पांढऱ्या भिंतींचे हे जमीनदाराचे घर. त्याच्या दक्षिण बाजूला सरळ रेघ शोधूनच काढावी लागते. तुळया झुकल्या आहेत, खांब कलले आहेत, खिडक्यांच्या ओळी वर-खाली होतात. असे का बरे झाले?

हे घर एका आराखड्यावरून बांधलेलेच नाही. सुमारे १५०४ ते १५०८ या काळात विल्यम मोर्टन याने मोठे दालन बांधले. पुढच्या पिढ्यांनी १६१० पर्यंत गरजेप्रमाणे आणि हौसेप्रमाणे त्यात भर घातली. १५५९ मध्ये दालनाला पुढे आलेल्या दुमजली खिडक्या बसल्या. रिचर्ड डेल या सुताराने त्यांवर आपले नाव कोरून ठेवले आहे. सगळ्याच सुतारांनी असे केले असते, तर इतिहासकारांचे किती श्रम वाचले असते!

१५६० नंतर दक्षिण बाजू उभी राहिली आणि तिच्या माथ्यावर, तिसऱ्या मजल्यावर, ६८ फूट लांबीची गॅलरी चढली. पावसाळी दिवसांत घरातच फिरावे, खेळावे, यासाठी ती होती. तिच्या लाकडी अस्तरामागे सतराव्या शतकातील टेनिसचे चेंडू सापडले आहेत. बांधकाम सुरू झाल्यावर ही गॅलरी सुचली असावी, असे जाणकार मानतात. खरी गोम इथेच आहे.

या घराचा भार भिंती पेलत नाहीत. भिंती म्हणजे आपल्याकडच्या कुडासारख्या, काटक्यांवर माती लिंपलेल्या. भार पेलतो तो ओकच्या लाकडांचा सांगाडा. गॅलरीच्या छपरावर हलकी कौले नाहीत, वालुकाश्माच्या जड फरश्या आहेत. त्यांचे वजन वाशांवरून खांबांवर, खांबांवरून खालच्या तुळयांवर उतरते. शिवाय उतरते वासे भिंतींना बाहेरही ढकलतात. आता चार काड्यांचा चौकोन करून पाहा. कोपरा दाबला की तो कलतो. त्रिकोण मात्र कलत नाही. म्हणून लाकडी सांगाड्यात तिरके टेकू घालतात. पण गॅलरीच्या भिंती जवळजवळ सगळ्या खिडक्यांनीच व्यापल्या आहेत. तिथे टेकूंना जागा कुठून मिळणार?

त्यातच लाकडाचा एक गुण आड आला. तुळईवर वजन ठेवताच ती थोडी वाकते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण तेच वजन वर्षानुवर्षे राहिले, तर वजन न वाढताही वाक वाढत जातो. याला अभियंते 'क्रीप' म्हणतात. लाकूड ओले असेल तर हा परिणाम अधिक. आणि त्या काळी ओक ओलाच वापरीत, कारण वाळलेला ओक कापणे व कोरणे फार कष्टाचे असते.

मग घर कोसळले का नाही? कारण त्याचे सांधे खिळ्यांचे नाहीत. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते. असा सांधा किंचित हलतो आणि भार शेजारच्या लाकडांवर वाटला जातो. तीच भिंत विटांची असती, तर इतक्या वाकण्याने तिला मोठमोठे तडे गेले असते. तरीही पुढे गॅलरीला आधार म्हणून पोलादी सळया घालाव्या लागल्याच. १९३८ मध्ये हे घर नॅशनल ट्रस्टकडे आले. ते ओढून सरळ करावे, असे तुम्हांला वाटेल. पण शतकानुशतके वाकत आलेले लाकूड आता त्याच आकारात पक्के झाले आहे. जबरदस्ती केली, तर तुळयांआधी सांधेच फुटतील.

क्रीप घरीही पाहता येतो. पुस्तकांच्या दोन ढिगांवर प्लास्टिकची पातळ पट्टी आडवी ठेवा. मध्यभागी ती स्पष्ट वाकेल एवढे वजन टांगा आणि वाक लगेच मोजा. आठवडाभर हात न लावता पुन्हा मोजा. मग वजन काढा, आणि पट्टी पूर्ण सरळ होते का ते बघा.