टपालाने शिकलेला वैमानिक

पुणे

चि. मुक्ता,


लँडिंगला विमान दोनदा उसळलं, नोज व्हील आपटलं आणि विमान आता हँगरमध्ये तपासणीला आहे, हे ताईकडून कळलं. तुला लागलं नाही, हे बरं झालं. फोनवर तू मला एवढंच सांगितलंस की वारा फिरला. फिरला असेलही. पण माझी उमेदीची वर्षं विमानं दुरुस्त करण्यात गेली, आणि आपटून आलेल्या बहुतेक विमानांबरोबर हा वारा मला भेटला आहे.

बेंजामिन फुलॉयबद्दल तुमच्या वर्गात कुणी सांगणार नाही, म्हणून मी लिहितो. कनेक्टिकटमधल्या प्लंबरचा हा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती होऊन अमेरिकन लष्करात अधिकारी झाला. १९०९ साली लष्कराने राइट बंधूंकडून पहिलं विमान घेतलं, तीस हजार डॉलर मोजून. मेरीलँडला कॉलेज पार्क इथे विल्बरने दोन अधिकाऱ्यांना एकट्याने उडण्याइतकं तयार केलं. फुलॉयच्या वाट्याला थोडी उड्डाणं आली, सोलो नाहीच. नोव्हेंबरात त्या दोघांकडून विमान आपटलं आणि पुढे दोघेही आपापल्या मूळ पलटणीत परत गेले. राहिला हा अर्धवट शिकलेला. त्याला विमानासकट टेक्सासला, फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या छावणीत पाठवलं: तुझं तूच शीक!

२ मार्च १९१० रोजी त्याने चार उड्डाणं केली. पहिलं सोलो, एकट्याने केलेलं पहिलं लँडिंग आणि पहिला अपघात, सगळं एकाच दिवसात उरकलं. मग त्याने राइट बंधूंना पत्रं लिहायला सुरुवात केली. मी असं केलं, विमानाने तसं केलं, चुकलं कुठे? उत्तर आलं की तसं करून बघायचं, अडलं की पुन्हा पत्र. टपालाने पोहायला शिकावं तसा हा प्रकार. इतकं सविस्तर विचारायचं तर आधी स्वतःच्या हातांनी काय केलं ते आठवावं लागतं, आणि तिथे वाऱ्याचा आडोसा पुरत नाही.

त्या विमानात वैमानिक खालच्या पंखाच्या पुढच्या काठावर उघड्यावरच बसायचा. एकदा तो जवळजवळ बाहेर फेकला गेला. त्यावर त्याने छावणीतल्या खोगिराच्या कारागिराकडून चामड्याचा पट्टा करून घेतला आणि स्वतःला बांधून घेतलं. तू सवयीने आवळतेस त्या पट्ट्याच्या पूर्वजांपैकी तो एक. विमान घसरपट्ट्यांवर उतरायचं, त्यांना त्याने ऑलिव्हर सिमन्स या मेकॅनिकच्या मदतीने चाकं जोडली. (मेकॅनिकचं नाव इतिहासात टिकलं, याचं मला जास्त कौतुक!)

पण तेवढ्यावर त्याला डोक्यावर घेऊ नकोस. हाच फुलॉय १९३१ च्या अखेरीस लष्कराच्या हवाई शाखेचा, म्हणजे एअर कोअरचा प्रमुख झाला. फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांचे विमानाने टपाल नेण्याचे करार रद्द करायचं ठरवलं आणि त्याला विचारलं, तुमचे वैमानिक टपाल नेतील का? त्याने होकार दिला, दहाएक दिवसांत तयारी होईल म्हणाला. ऐन हिवाळा, बहुतेक पोरांना रात्रीच्या आणि निव्वळ उपकरणांच्या भरवशावरच्या उड्डाणाचा सराव तुटपुंजा, विमानांत उपकरणंही धड नाहीत. काही आठवड्यांत डझनभर माणसं मेली. पुढच्या वर्षाअखेर तो निवृत्त झाला. टेक्सासमध्ये बारीकसारीक गोष्ट पत्राने विचारणारा माणूस वॉशिंग्टनमध्ये आपल्याच वैमानिकांना विचारायला थांबला नाही. मला वाटतं, मोठ्या हुद्द्यावर 'बघून सांगतो' म्हणणं जड जात असावं. त्याचं पुढचं आयुष्य मात्र लांबलं, १९६७ पर्यंत.

तुझं काम छोटं आहे. आज रात्रीच, आठवण ताजी आहे तोवर, ते लँडिंग कागदावर उतरव. अप्रोचला वेग किती होता, नजर धावपट्टीवर कुठे होती, फ्लेअर कितीवर धरलास, पहिल्यांदा उसळल्यावर स्टिक पुढे ढकललीस का, आणि गो-अराउंड का घेतला नाहीस. वाऱ्याला एक ओळ दे. तो कागद पुढच्या सॉर्टीआधी तुझ्या इन्स्ट्रक्टरना दाखव. ते रागावतील, तर ऐकून घे. पण प्रश्न अर्धा सोडून उठू नकोस. आणि हँगरमध्ये जाऊन नोज गिअर उघडलं असेल तर बघून ये. तिथली माणसं चहा पाजतील आणि काय वाकलंय तेही दाखवतील.

ताईला फोन कर. ती झोपलेली नाही.

तुझा,
मामा