विळीची बैठक

मल्लेश्वरम, बंगळुरू

चि. अनिकेत,


तुझ्या प्रोजेक्टची वही काल रात्री दोनदा वाचली. आजोबांना गोळ्यांची आठवण करून देणारी डबी, ही कल्पना मला मनापासून आवडली. पण शेवटच्या पानापर्यंत त्या डबीत रेडिओ, टॉर्च आणि नातवंडांचे फोटोही येऊन बसले. म्हणून हे पत्र.

२००४ साली आमच्या बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स ही एकच कंपनी दोन अगदी निराळी यंत्रं बनवत होती. पहिलं 'अमिडा सिंप्युटर'. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअरची मंडळी यांनी १९९९ मध्ये ट्रस्ट स्थापून सिंप्युटरचा ध्यास घेतला होता. लिनक्सवर चालणारा, हातात मावणारा संगणक; मजकूर भारतीय भाषांतून वाचून दाखवणारा; आपापलं स्मार्ट कार्ड घालून गावातल्या अनेकांनी वापरावा असा. ती माणसं काळाच्या पुढे होती. तरी तो खपला काही हजारच. इतकं सगळं करणारं यंत्र नेमकं कशासाठी घ्यायचं, हे घेणाऱ्याला एका वाक्यात सांगता येत नव्हतं, असं मला वाटतं.

दुसरं मतदान यंत्र. त्या वर्षी लोकसभेचं मतदान प्रथमच देशभर त्यावर झालं. मला बँकेतून इलेक्शन ड्यूटी लागली होती. कर्नाटकात विधानसभाही सोबतच होती, तरी दोन्हींची यंत्रं वेगळी. कंट्रोल युनिटवरचं बटण मी दाबलं की पलीकडचं यंत्र एका मतापुरतं खुलं व्हायचं. मतदाराने निळं बटण दाबलं की चिन्हाशेजारी लाल दिवा, एक लांब बीप, आणि यंत्र पुन्हा बंद. सही न येणारी एक आजी तो आवाज ऐकून कन्नडमध्ये 'आयतु' म्हणाली, म्हणजे 'झालं!' तिला कुणी काही शिकवावं लागलं नाही.

म्हणून एका यंत्राने एकच काम करावं, असं मात्र मी म्हणणार नाही. सिंप्युटरची बहुतेक स्वप्नं आज तुझ्या खिशातला फोन पुरी करतो. पण तो घराघरांत शिरला तो बोलण्यासाठी. कॅमेरा, नकाशा, पैसे हे सगळे मागून आले.

आपल्या आजीची विळी आठव. पाट पायाखाली दाबून ती भाजी चिरायची आणि त्याच बैठकीत पात्याच्या टोकाच्या खवणीवर नारळ खवायची. दोन कामं, पण बैठक एक, पायाचा दाब एक. खवणीमुळे चिरण्यात कधी अडथळा आला नाही. जोडकाम असं असावं.

तुझ्या यादीला हीच कसोटी लाव. टॉर्च राहू दे. रात्रीची गोळी शोधताना उजेड लागतोच, डबी उघडली की तो आपोआप पडावा. रेडिओ काढ. तो चालू असताना गोळीची घंटा आजोबांना ऐकू येणार नाही. फोटोंसाठी पडदा लागेल, पडद्यामुळे बॅटरी लवकर उतरेल, आणि बॅटरी संपली की गोळी चुकेल.

मग डबी आठ दिवस आजोबांजवळ ठेव. काही समजावू नकोस. त्यांचा अंगठा कुठे अडखळतो, तेवढं बघ आणि मला कळव.

तुझा,
मामा