खाडीकाठच्या पंपाची नळजोडणी



भात निघाले की दासगाव परिसरात जमिनीतील ओलाव्यावर वाल घेतला जातो. ज्यांच्याकडे पंप आहे त्यांना भाजीपाल्याचाही विचार करता येतो. पण पंप पाणी कमी देऊ लागला की आपण दोष मोटारीला देतो आणि जास्त अश्वशक्तीची मोटार आणतो. दोष मात्र बहुधा नळजोडणीत असतो. तो तसाच राहिला तर नवी मोटार फक्त विजेचे बिल वाढवते.

१) पंपाची जागा

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता पंप नळीतील दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला हा हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवू शकतो. घर्षण व बारीक गळती लक्षात घेता, पाण्याच्या पातळीपासून पंपाची उंची ६ मीटरच्या (सुमारे २० फूट) आतच ठेवावी. कमी असेल तेवढे चांगले. पंपापासून पुढे पाणी कितीही उंच न्यायचे असेल तर ते काम अश्वशक्तीचे आहे. ओढण्याच्या बाजूला अश्वशक्ती उपयोगी पडत नाही.

दासगाव हे जुने खाडीबंदर. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोटीने येथेच उतरले होते. भरती-ओहोटीमुळे येथील पाण्याची पातळी रोज बदलते. म्हणून उंची पूर्ण ओहोटीच्या वेळी मोजावी. भरतीला मोजून बसवलेला पंप ओहोटीला कोरडा फिरतो.

सावित्रीचा पूर आपण जाणतोच. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले होते. त्यामुळे काठावर पक्के बांधकाम करण्याऐवजी पंप लोखंडी चौकटीवर बसवावा व मे अखेरीस उचलून घरी आणावा. स्टार्टर व मीटर पुराच्या पातळीच्या वर असावेत.

२) शोषण नळी

* शोषण नळी शक्य तेवढी आखूड आणि पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठी घ्यावी.
* नळी पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढती ठेवावी. मध्ये उंचवटा राहिला तर तेथे हवा साठते व धार तुटते.
* काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड वापरावा.
* फूट व्हॉल्व्ह पाण्याखाली किमान २ फूट व तळापासून दीड फूट वर ठेवावा.
* पंप पाण्याने भरून बंद ठेवावा. पाणी आपोआप उतरले तर फूट व्हॉल्व्ह किंवा शोषण नळीचा सांधा गळतो आहे, असे समजावे.

३) गोडे की खारे?

खारे पाणी जड असल्याने तळाशी राहते. म्हणून बंद पिंपाच्या तरंगत्या आधाराला फूट व्हॉल्व्ह उभा टांगावा आणि लवचिक नळी वापरावी. पातळी बदलली तरी तो वरच्या थरातच राहतो. पिंप दोराने काठाला बांधावे.

भरतीचा व ओहोटीचा असे पाण्याचे दोन वेगळे नमुने तपासून घ्यावेत. विद्युतवाहकता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असल्यास पाणी सर्वसाधारणपणे चालते. २.२५ च्या वर असल्यास ते पाणी पिकाला देऊ नये. घेवडा क्षारांना फारच नाजूक आहे. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावल्यावर खारेपणा वाढतो, म्हणून तपासणी दर महिन्याला करावी.

४) पुढची पाईपलाईन

सेकंदाला ५ लिटर पाणी नेताना दर १०० मीटर लांबीला घर्षणामुळे वाया जाणारी उंची पी.व्ही.सी. पाईपमध्ये साधारण अशी असते:

६३ मि.मी. – सुमारे ६ मीटर
७५ मि.मी. – सुमारे २.३ मीटर
९० मि.मी. – सुमारे १ मीटर

शेत ३०० मीटरवर असेल तर ६३ मि.मी. पाईपमध्ये सुमारे १८ मीटर आणि ७५ मि.मी. पाईपमध्ये सुमारे ७ मीटर उंची वाया जाते. हा ११ मीटरचा फरक भरून काढण्यास जवळजवळ दीड अश्वशक्ती लागते. मोठ्या पाईपचा जादा खर्च एकदाच होतो, लहान पाईपचा भुर्दंड मात्र दरमहा भरावा लागतो.

पाईप २ फूट खोल गाडावा, म्हणजे नांगर लागत नाही. उघडा पाईप उन्हाने ठिसूळ होतो. चराच्या तळाशी चाळलेली माती टाकावी. जांभ्याचे खडे पाईपला टेकू देऊ नयेत. सांधे चिकटवल्यावर एक दिवस थांबावे, मग पाणी सोडून गळती पाहावी आणि त्यानंतरच चर बुजवावा. वळणांवर काँक्रीटचा ठोकळा द्यावा.

५) डोंगर उताराची काळजी

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. हे लक्षात ठेवून घरांच्या वरच्या उतारावर साठवण टाकी बांधू नये व पाईपसाठी चर खणू नये. इतर उतारांवरील चर पावसाळ्यापूर्वी दाबून बुजवावेत. उघड्या चरात पाणी मुरून माती सैल होते. उतारावरील गळता सांधा दिसताच दुरुस्त करावा.

नदीतून पाणी उचलण्यास जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी. नमुना तपासणीबाबत किल्ला-रोहा येथील कृषि विज्ञान केंद्रात विचारावे.

मोटार घेण्याआधी ओहोटीची पातळी, पंपाची उंची, शेताचे अंतर आणि शेताची उंची हे चार आकडे वहीत लिहून दुकानात जावे. दुकानदाराला आधी आकडे सांगावेत, अश्वशक्ती नंतर ठरवावी.