ओव्हरटाइम सोडायचा की डिप्लोमा?

चि. सागर यास,


ताई सांगत होती, डिप्लोमाची फी ऐकून तू गप्प बसलास. फीचं काय, ती तरी कागदावर दिसते; बुडणारा ओव्हरटाइम दिसत नाही. तुझा आठ तासांचा रोज सातशे धर. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर, म्हणजे तासाला 175 रुपये. कामावर राहून रोज दोन तास अभ्यासाला दिलेस, तर 25 दिवसांत 8,750 रुपये हातचे जातात. चाकणला ऑर्डरी जोरात असल्या की पोरं पुस्तक उघडत नाहीत, त्यांना उगाच आळशी म्हणतात. आणि 2019 मध्ये वाहनउद्योग मंदावला, ओव्हरटाइम आटला, तेव्हा वेळ होता तर खिशात पैसे नव्हते.

पण हे 8,750 नीट बघ. त्यावर पीएफ कापत नाहीत, ग्रॅच्युइटीत ते धरत नाहीत. तुझ्या गाडीचा हप्ता मात्र त्यांच्यावरच चालतो. म्हणून आधी चार-पाच महिने मूळ पगारात घर चालवून बघ, ओव्हरटाइमचा पैसा वेगळ्या खात्यात टाक. जमलं नाही, तर पहिल्यांदा हप्ता फेड.

तुझा आयटीआय दोन वर्षांचा असल्याने डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण ते दिवसाचं कॉलेज, नोकरी सुटणार. मग ओव्हरटाइमच काय, दोन वर्षांचा पूर्ण पगार खर्चात धर. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात कामावर राहून शिकता येतं, 1989 पासून हजारो कामगार तसे शिकलेत. मात्र कुठल्याही कागदाने पगार वाढेलच असं नाही. एचआरला "पुढे स्कोप आहे का" असं विचारू नकोस, ते हो म्हणतील. तुमच्या लाइनवर गेल्या काही वर्षांत सुपरवायझर कोण झालं, त्यांचं शिक्षण काय, पगार कितीने वाढला, हे त्या सुपरवायझरांनाच गाठून विचार. फरक दोन-तीन हजारांचाच निघाला, तर पैशासाठी हा खटाटोप करू नये असं माझं मत. आवडीने शिकायचं असेल तर गोष्ट निराळी.

फरक चांगला असेल तर मात्र थांबू नकोस. आज चोविसाव्या वर्षी पगार कमी, म्हणून सोडायचंही कमी. चौतिसाव्या वर्षी सोडायचा पगार वाढलेला असेल आणि तो भरून काढायला नोकरीची दहा वर्षं कमी उरतील. शिवाय तोवर लग्न, भाड्याचं घर, पोराची शाळा.

दिवाळीला येताना वर्षभराच्या पगाराच्या चिठ्ठ्या आण. बँकेत जमा झालेला नुसता आकडा नको, मूळ पगार आणि ओव्हरटाइम वेगळे दिसले पाहिजेत.

तुझा,
मामा