लॉकेट नको असेल, तर मधुमेहींनी काय करावे, काय टाळावे

रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरली की घाम फुटतो, हात थरथरतात. आणखी उतरली की जीभ जड होते, तोल जातो. मग स्टेशनवर लोक ‘प्यायलाय’ म्हणत बाजूने निघून जातात. यासाठीच आजाराची माहिती कोरलेले कडे किंवा लॉकेट असते. अमेरिकेतली मेडिकअलर्ट ही संस्था 1956 पासून हेच काम करते. पण धातूची ॲलर्जी असणाऱ्याला ते सोसत नाही, मशीनवर काम करणाऱ्याला हातात काही घालून चालत नाही, आणि आपल्याकडे पाहणाऱ्यालाही त्याचा अर्थ चटकन कळत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी दुसरी सोय करायलाच हवी. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी घसरत नाही.

काय करावे

• साधे कार्ड लिहावे. माझ्या मते याहून चांगला पर्याय नाही. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत, ठळक अक्षरांत: ‘मला मधुमेह आहे. मी इन्सुलिन घेतो. गोंधळलेला दिसलो आणि गिळता येत असेल, तर ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.’ खाली नाव, घरच्या दोघांचे नंबर, औषधे, ॲलर्जी. बेशुद्धीचे वाक्य गाळू नये. लोक चांगल्या मनाने तोंडात पाणी ओततात आणि ते श्वासनलिकेत जाते.

• अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर कार्डावर ‘फक्त ग्लुकोज’ लिहावे. या गोळ्यांमुळे साध्या साखरेचे विघटन लांबते आणि ती वेळेवर कामी येत नाही.

• कार्ड अंगावरच्या वस्तूत ठेवावे: मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमागे, ऑफिसच्या किंवा शाळेच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला. मुलांच्या गळ्यात ओळखपत्र रोज असतेच.

• सकाळी फिरायला जाताना पाकीट घरी राहते आणि चालण्याने साखर उतरते. तेव्हा घड्याळाच्या पट्ट्याला किंवा बुटाच्या नाडीला लहानसा टॅग लावावा.

• वारीला जाणाऱ्यांनी कार्ड लॅमिनेट करून गळ्यात अडकवावे. शाई घामापावसात टिकत नाही.

• फोनमध्ये माहिती भरावी. आयफोनवर हेल्थ ॲपमधला ‘मेडिकल आयडी’, बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधली ‘इमर्जन्सी’ माहिती. लॉक असतानाही दिसण्याची परवानगी द्यावी आणि फोन लॉक करून एकदा तपासावे.

काय टाळावे

• फक्त पर्सवर विसंबणे. लोकलमध्ये ती रॅकवर असते आणि तुम्ही दारात.

• फक्त क्यूआर कोड. रेंज नसेल किंवा कुणाला स्कॅन करायचे सुचले नाही, तर तो निरुपयोगी. कोडशेजारी ‘मधुमेह’ हा शब्द हवाच.

• नातेवाइकांचा नंबर ‘आयसीई’ (इन केस ऑफ इमर्जन्सी) नावाने सेव्ह करून निर्धास्त होणे. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक फोन लॉक नसत.

• कार्डावर आधार क्रमांक किंवा घरचा पत्ता देणे. मदतीला त्याचा उपयोग नाही, गैरवापर मात्र होऊ शकतो.

• साखर आटोक्यात नसताना टॅटू काढणे. जखम भरायला वेळ लागतो, संसर्गाची भीती असते. आणि औषध बदलले तरी टॅटू तोच राहतो.

• औषध बदलूनही जुनेच कार्ड वागवणे.

• लपवणे. लग्न ठरायच्या वयातल्या, टाइप 1 असलेल्या मुलींना घरचेच सांगतात, ‘कुणाला कळू देऊ नकोस.’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. चारचौघांत सांगायचे नसेल तर निदान कार्ड कव्हरमागे ठेवू द्या. ते गरज पडेल तेव्हाच वाचले जाईल. आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीला एवढे तरी सांगून ठेवा: ग्लुकोजचा डबा कोणत्या खणात आहे.