नदीकाठची झाडे : ठेवावी की तोडावी?



आपला देवगड तालुका समुद्राच्या काठी आहे, तसाच तो नद्यांच्या आणि खाड्यांच्या काठीही आहे. उत्तरेला वाघोटणची खाडी आहे. ती विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते. देवगडला देवगडची खाडी आहे. या पाण्याच्या काठी आपली घरे आहेत, माड आहेत, भाताचे मळे आहेत. पाण्यामुळे आपण जगतो, आणि पावसाळ्यात त्याच पाण्याची भीती वाटते.

गावच्या सभेत पुराची गोष्ट निघाली की दोन पक्ष पडतात. एक जण म्हणतो, "पाणी घरात येता, मगे ह्या झाडांचो उपयोग काय? सगळी तोडून टाका आणि भिंत बांधा." दुसरी एखादी वहिनी म्हणते, "माजी दोन जांभळा काठार आसत. ती तोडल्यार भरपाई माका कोण देतलो?" दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. एकाला घर वाचवायचे आहे, दुसरीला पोट भरायचे आहे. मग निर्णय कसा करावा? त्यासाठी आधी पाण्याची चाल समजून घेऊ.

पाणी का चढते?

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हा आकडा मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ काय? एक साधा हिशेब करू. एका गुंठ्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १० हजार लिटर पाणी होते. पंधरा लिटरच्या कळशीने मोजले तर पावणेसातशे कळश्या भरतील. हे एका गुंठ्याचे झाले. डोंगरापासून खाडीपर्यंत किती गुंठे असतील, याचा विचार करा. ते सारे पाणी एकाच नदीतून खाली यायचे असते.

त्यात भरतीची भर पडते. समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येते, तेव्हा पाणी जास्त चढते. वरून पुराचे पाणी आणि खालून भरतीचे पाणी, अशी दोघांची गाठ पडली की नदीला वाट राहत नाही. मग ती काठ सोडून आपल्या मळ्यात शिरते. शुक नदीच्या काठचे खारेपाटण गाव याच कारणाने पावसाळ्यात पुन्हा पुन्हा पुराला तोंड देते. तीच नदी पुढे वाघोटणची खाडी होते.

झाड काय करते?

झाडाची मुळे मातीला धरून ठेवतात. काठावर करंज, उंडी, जांभूळ, माणगा, केवडा, निर्गुडी असली की मातीला जणू जाळीच बसते. त्यांच्या फांद्या आणि बुंधे काठालगतच्या पाण्याचा वेग कमी करतात. वेग कमी होणे हे लहान काम नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा मारा चौपट होतो. म्हणून उघडा काठ एका पावसात ढासळतो आणि झाडीचा काठ तग धरतो.

नदी जेथे वळते तेथे हे विशेष ध्यानात ठेवावे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी आदळते आणि काठ खाते. आतल्या अंगाला ते गाळ टाकते. बाहेरच्या अंगाची झाडे तोडली, तर पुढच्या काही वर्षांत तिथली जमीनच नदीत जाते. सातबारावर गुंठे राहतात, आणि जागेवर पाणी!

पण प्रत्येक झाड पुराला अडवते, असेही समजू नये. झाड कोणत्या जागी उभे आहे, ते पाहावे. जागा चार आहेत.

१. पात्रातले झाड : नदीच्या मधोमध गाळाचे बेट तयार होते. त्यावर झुडपे माजतात. ती पाण्याची वाट अडवतात आणि आणखी गाळ धरतात. वाहून आलेले ओंडके मोरीत अडकतात. अशी झाडे, ओंडके आणि गाळ पावसाळ्याआधी काढावे.

२. काठावरचे झाड : हे ठेवावे. मूळ उघडे पडून जे झाड नदीत झुकले आहे, ते पुरात उन्मळून पडेल आणि मोठा खड्डा करील. तेवढेच तोडावे. तोडताना बुंधा आणि मुळे जमिनीत राहू द्यावीत. यंत्राने मुळासकट उपटू नये. राहिलेली मुळे काही वर्षे माती धरून ठेवतात. तेवढ्या वेळात शेजारी नवे झाड लावावे.

३. बांधावरचे झाड : खाडीकाठच्या मळ्यांना खारे पाणी येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो. त्याला उघाडी असते. ओहोटीला ती मळ्यातले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बंद होते. या बांधाच्या अंगावर मोठे झाड वाढू देऊ नये. झाड मेले की मुळे कुजतात आणि बांधात पोकळ वाट होते. वारा लागून ते पडले तर बांधाचा तुकडाच घेऊन जाते. एका भोकातून खारे पाणी आत शिरले की भाताचे पीक जाते, आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला पावसाळे लागतात. म्हणून बांधावरचे रोप लहान असतानाच उपटावे. जुने मोठे झाड असेल तर जाणकार इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. झाड काढल्यावर खड्डा चिकण मातीने ठोकून भरावा. बांधावर गवत मात्र जरूर राखावे.

४. बांधापुढचे झाड : बांधाच्या बाहेर, खाडीच्या चिखलात तिवर, चिपी, कांदळ वाढते. ते लाटेचा मार आपल्या अंगावर घेते, म्हणून मागचा बांध टिकतो. मासळीची आणि कुर्ल्यांची पिल्ले त्याच मुळांत वाढतात. हे तोडणे म्हणजे बांधाची ढाल काढणे, आणि मच्छीमार भावांच्या ताटातला घास काढणे.

पाहा, एकाच खाडीवर बांधावरचे झाड धोक्याचे आणि बांधापुढचे झाड रक्षणाचे! म्हणून "सगळी तोडा" हे म्हणणे जसे चुकीचे, तसे "एकाही झाडाला हात लावू नका" हेही चुकीचे.

चिपळूणचा धडा

आता शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहू. चिपळूण शहर वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी आहे. २२ जुलै २०२१ रोजी तेथे मोठा पूर आला. बाजारपेठ बुडाली. दुकानांतला माल गेला, घरांतला संसार गेला. पाणी ओसरल्यावर लोक विचार करू लागले. पाऊस फार झाला, हे खरे. परंतु नदीच्या पात्रात वर्षानुवर्षे गाळ साचला होता. गाळाची बेटे झाली होती आणि त्यांवर झाडोरा माजला होता. नदीची खोली कमी झाली, तर पाणी जाणार कोठे?

लोक एकत्र आले. त्यांनी समिती केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये उपोषण केले. त्यानंतर पात्रातला गाळ काढण्याच्या कामाला जोर आला. लोकांनी एकीने मागणी केली म्हणून हे घडले.

पण येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. हा गाळ आला कोठून? तो डोंगरावरून आला. डोंगर उघडे झाले, उतार खणले गेले, की माती पावसाबरोबर नदीत येते. वर झाड तुटले की खाली गाळ साचतो. वरची माती धरली नाही, तर काढलेला गाळ पुन्हा भरतो. गाळ काढणे आणि झाडे राखणे ही दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

भिंतीविषयी

दगडी भिंत बांधून घ्यावी, असे पुष्कळांना वाटते. जेथे घरे अगदी काठावर आहेत, तेथे ती हवीच. परंतु आपल्या बाजूला भिंत उभी राहिली की पाणी समोरच्या काठावर जोराने जाते. समोर आपल्याच भाऊबंदाचा मळा असतो. म्हणून भिंतीची मागणी करताना दोन्ही काठांच्या गावांनी एकत्र बसावे. भिंतीचा पाया पाण्याने पोखरला की ती कोसळते, हेही लक्षात असू द्यावे. काठाजवळ खोल वाळूउपसा झाला तर भिंत आणि झाड दोन्ही जातात.

कायदा काय सांगतो?

झाड आपल्या जमिनीत असले, तरी काही जातींची झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. यासाठी महाराष्ट्रात १९६४ सालचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन अशी झाडे आहेत. तोडण्याआधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करून लेखी अर्ज द्यावा. तोंडी "हो" वर विसंबू नये.

तिवर-कांदळाच्या बाबतीत नियम अधिक कडक आहे. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास मनाई करणारा निकाल दिला. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला आणि भराव घालण्याला बंदी केली.

गावाने काय करावे?

१. दिवाळीनंतर पाणी उतरले की गावकऱ्यांनी मिळून काठावरून एक फेरी मारावी. म्हाताऱ्या माणसांना बरोबर घ्यावे. कोणत्या साली पाणी कोठवर आले होते, ते त्यांना ठाऊक असते. ती खूण भिंतीवर रंगाने करून ठेवावी.

२. झाडांची यादी करावी. पात्रातले, काठावरचे, बांधावरचे, बांधापुढचे, असे चार रकाने पाडावे. आता तुम्हाला लिहिता येते. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

३. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. ज्याचे झाड जाणार, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. त्याला काय द्यायचे, हे तेथेच ठरवून ठरावात लिहावे. ठरावावर सही करण्यापूर्वी तो स्वतः वाचावा.

४. परवानगी आल्यावरच झाड तोडावे. तोडलेले लाकूड काठावर पडू देऊ नये. पहिल्या पुरात तेच मोरीत जाऊन अडकते.

५. मृग निघाला की उघड्या काठावर माणगा, करंज, केवडा लावावा. मातीलगत वाळा लावावा. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात.

६. पुराच्या दिवसांत भरतीची वेळ माहीत करून घ्यावी. पाणी चढू लागले की मुले, म्हातारी माणसे आणि गुरे आधी उंचावर न्यावीत. कागदपत्रे एका घट्ट डब्यात ठेवावीत.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. पुराचा विचार उन्हाळ्यात करावा, आणि तोही सर्वांनी एकत्र बसून.

प्रश्न

१. पूर आणि भरती एकाच वेळी आली तर काय होते?
२. बांधावरचे झाड काढावे आणि बांधापुढचे राखावे, असे का सांगितले आहे?
३. चिपळूणच्या नदीत गाळ कोठून आला?
४. तुमच्या गावच्या काठावरील पाच झाडांची नावे लिहा. प्रत्येक झाड चारांपैकी कोणत्या जागी आहे?

शब्दांचे अर्थ

पात्र – नदी वाहते ती जागा. उधाण – मोठी भरती. मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट. उघाडी – खाडीच्या बांधातले पाणी सोडण्याचे दार. ठराव – सभेने लिहून ठेवलेला निर्णय.